सारचा कौल: हिटलरला ‘नको’ म्हणणारा पक्ष का हरला?

१३ जानेवारी १९३५, रविवार. हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं होत आली होती. जर्मनीत छळछावण्या सुरू झाल्या होत्या, कामगार संघटना मोडून काढल्या होत्या, एक सोडून सगळ्या पक्षांवर बंदी होती. यातलं काहीही लपलेलं नव्हतं. त्या दिवशी फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या सार नावाच्या छोट्या जर्मनभाषक प्रदेशातल्या लोकांना परक्या सैन्याच्या बंदोबस्तात, गुप्त मतदानाने विचारलं गेलं की तुम्हाला कुठे जायचंय. सुमारे ५ लाख २८ हजार लोकांनी मत दिलं. त्यातल्या ४ लाख ७७ हजारांनी, म्हणजे शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांनी, जर्मनी निवडली.

‘आहे तसंच राहू’ म्हणणारे होते ४६,६१३. या लेखाचा विषय आहे त्या मतांसाठी जिवाचं रान करणारा पक्ष: सारचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष.

या मतदानाबद्दल साधारणपणे दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, सारचे लोक नाझी झाले होते. दोन, लोक घाबरले होते. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही मिळूनही नव्वद टक्क्यांचा उलगडा होत नाही. मला वाटतं, तो होतो या पक्षाच्या स्वतःच्या इतिहासातून. १९३५ साली ज्या भावनेने पक्षाला हरवलं, ती तेरा वर्षं त्यानेच जोपासली होती.

आधी प्रदेश समजून घेऊ. सार म्हणजे कोळसा आणि पोलाद. साधारण १,९०० चौरस किलोमीटरचा पट्टा, सारब्रुकेन हे मुख्य शहर, वस्ती आठ लाखांच्या आसपास. माणसं खाणीत नाहीतर भट्टीवर कामाला, आणि दर चारांतली जवळपास तीन कॅथलिक. एवढे कामगार असलेल्या ठिकाणी समाजवादी पक्ष फोफावायला हवा होता, पण एकोणिसाव्या शतकात तो इथे रुजूच दिला गेला नाही. नॉयंकिर्शेनच्या पोलाद कारखान्याचा मालक कार्ल फर्डिनांड फॉन श्टुम कामगारांवर राजासारखा अंमल गाजवायचा. समाजवादी वर्तमानपत्र वाचताना सापडलात तर नोकरी जायची. लग्न करायचं तर मालकाची परवानगी लागायची. लोक या भागाला ‘श्टुमचं राज्य’ म्हणत. कामगार कोणाचा तरी होता, तर तो चर्चचा आणि चर्चच्या जवळच्या सेंटर पक्षाचा. सोशल डेमोक्रॅट, म्हणजे क्रांतीची वाट न बघता मतपेटीतून आणि संसदेतून कामगारांचे हक्क मिळवू पाहणारे लोक, इथे कायमच पाहुण्यासारखे राहिले. ही कमजोरी पुढे नडणार होती.

मग पहिलं महायुद्ध झालं, जर्मनी हरली. माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणी उद्ध्वस्त केल्या होत्या. त्याची भरपाई म्हणून व्हर्सायच्या तहात सारच्या सगळ्या खाणी फ्रेंच सरकारच्या मालकीच्या झाल्या. प्रदेश मात्र फ्रान्सला दिला गेला नाही. तो पंधरा वर्षांसाठी राष्ट्रसंघाच्या, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ताब्यात गेला, आणि पंधरा वर्षांनी लोकांना विचारायचं असं ठरलं: आहे तसंच राहायचं, फ्रान्समध्ये जायचं, की जर्मनीत?

राष्ट्रसंघाचा कारभार म्हणजे पाच जणांचं शासन मंडळ. एक फ्रेंच, एक सारचा, तीन इतर देशांचे. त्यांना सारच्या मतदारांनी निवडलेलं नव्हतं आणि काढायचीही सोय नव्हती. १९२२ मध्ये ३० जणांची एक निवडून दिलेली सभा आली, तिचं नाव लांडेसराट. पण ती फक्त सल्ला द्यायची, आणि मंडळ तो ऐकायला बांधील नव्हतं. मंडळाचा पहिला अध्यक्ष व्हिक्टर रो फ्रेंच होता आणि फ्रान्सच्या बाजूने झुकलेला होता. खाणीचा मालक फ्रान्स, चलन हळूहळू फ्रँक, मंडळाचा प्रमुख फ्रेंच. खाणींनी फ्रेंच शाळाही काढल्या, आणि मुलं तिथे घाला म्हणून खाणकामगारांवर दबाव यायला लागला.

१९२३ च्या फेब्रुवारीत सुमारे ७० हजार खाणकामगार संपावर गेले. मागणी पगाराची होती, पण जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात फ्रेंच फौजा घुसल्या होत्या आणि सगळी हवाच तापलेली होती. संप शंभर दिवस चालला. त्या काळात शासन मंडळाने एक वटहुकूम काढला: व्हर्सायच्या तहाची किंवा राष्ट्रसंघाची निंदा केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. लोकशाहीच्या नावाने उभ्या राहिलेल्या राष्ट्रसंघाच्या राज्यात हे घडलं. लंडनच्या संसदेत यावर टीका झाली, वटहुकूम मागे घेतला गेला, पण खाणकामगाराच्या मनात राष्ट्रसंघाची जी प्रतिमा बसायची ती बसली. बारा वर्षांनी त्याच कामगाराला ‘राष्ट्रसंघाला मत दे’ असं सांगायची वेळ सोशल डेमोक्रॅट्सवर आली.

या सगळ्या काळात पक्षाची भूमिका स्वच्छ होती. सारचे सोशल डेमोक्रॅट हे बर्लिनच्या मुख्य पक्षाची शाखा होते. फ्रेंच शाळांना विरोध, नेमलेल्या मंडळाला विरोध, आणि शक्य तितक्या लवकर जर्मनीत परत जायची मागणी. जर्मनीत तेव्हा वायमार प्रजासत्ताक, म्हणजे युद्धानंतरची लोकशाही राजवट होती, तिच्या उभारणीत सोशल डेमोक्रॅट्सचा मोठा हात होता, सगळ्यांना मताधिकार होता. समाजवादी माणसाला तिकडे जावंसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. सेंटर पक्ष, उदारमतवादी आणि सोशल डेमोक्रॅट या एका मुद्द्यावर एका सुरात बोलत. जर्मनीत परत जाणं हे सारमध्ये कोण्या एका पक्षाचं मत उरलंच नव्हतं, ते गृहीत धरलेलं होतं.

याच काळात पुढे आले माक्स ब्राउन. ते मूळचे सारचे नव्हते, ऱ्हाइनकाठच्या नॉइसचे. पेशाने आधी शिक्षक, मग पत्रकार. १९२३ मध्ये सारब्रुकेनला पक्षाच्या ‘फोल्क्सश्टिमं’ या वर्तमानपत्राचे संपादक म्हणून आले आणि दशक संपायच्या आत पक्षाचे प्रमुख झाले. लेखणी धारदार, आवाज मोठा, माघार घ्यायचा स्वभाव नाही. त्यांच्या पत्नी अँगेला ब्राउन-श्ट्राटमान यांनी सारमध्ये कामगार कल्याण संस्था उभी केली.

पक्षाची खरी ताकद किती होती? १९३२ च्या मार्चमध्ये लांडेसराटची शेवटची निवडणूक झाली. ३० पैकी १४ जागा सेंटरला, ८ कम्युनिस्टांना, सोशल डेमोक्रॅट्सना फक्त ३. मतं दहा टक्क्यांच्या आत. नाझींना २ जागा. हे आकडे नीट बघावेत. हिटलर सत्तेवर यायच्या वर्षभर आधी सारमध्ये नाझी पक्ष किरकोळ होता, पण सोशल डेमोक्रॅटही फार मोठे नव्हते. मंदीत बेकार झालेला कामगार कम्युनिस्टांकडे सरकला होता आणि बाकीचा अजून रविवारी चर्चमध्ये पाद्री सांगेल ते ऐकत होता.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. जूनमध्ये जर्मनीत सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर बंदी आली. सार राष्ट्रसंघाखाली असल्यामुळे ती तिथे लागू नव्हती. मुख्य पक्ष परागंदा झाला, शाखा मात्र आपल्या जागी शाबूत राहिली. ती स्वतंत्र प्रादेशिक पक्ष झाली आणि १९३३ सरायच्या आत तिने जर्मनीत परत जायची मागणी कार्यक्रमातून काढून टाकली. नवी भूमिका ‘स्टेटस को’, म्हणजे आहे तशी स्थिती. हिटलर आहे तोवर राष्ट्रसंघाखालीच राहू, तो गेला की जर्मनीत जाऊ.

हा निर्णय घ्यायला काय लागलं असेल याचा विचार करावा. सभासद तीच माणसं होती. त्यांनी तेरा वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना, खाणीतल्या जोडीदारांना सांगितलं होतं की आपण जर्मन आहोत, आपल्याला परत जायचंय. आता त्याच शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘थांबा, आत्ता नको’ म्हणायचं होतं. विरोधकांना उत्तर शोधावंच लागलं नाही. फितूर, फ्रान्सचे हस्तक, देशद्रोही हे शब्द तयारच होते.

त्याच वर्षी सारब्रुकेन हे जर्मनीतून पळून आलेल्यांचं पहिलं ठिकाण बनलं. कामगार पुढारी, पत्रकार, ज्यू कुटुंबं, खासदार. त्यांत मारी युखाच होत्या. १९१९ मध्ये जर्मन संसदेत भाषण करणारी पहिली स्त्री त्याच, आणि कामगार कल्याण संस्थेच्या संस्थापकही. सारब्रुकेनमध्ये त्यांनी निर्वासितांसाठी दुपारच्या जेवणाची खानावळ चालवली. चौदा वर्षांपूर्वी देशाच्या संसदेत उभी राहिलेली बाई आता एका सीमेवरच्या गावात भुकेल्या माणसांच्या ताटांची व्यवस्था बघत होती. ब्राउन यांनी ‘डॉइचं फ्रायहाइट’ नावाचं दैनिक सुरू केलं. जर्मनीत जे छापता येत नव्हतं ते इथे छापलं जायचं. छळछावण्यांच्या बातम्या, अटकांच्या याद्या, पळून आलेल्यांचे अनुभव. म्हणून ‘सारच्या लोकांना ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येत नाही. वाचायची इच्छा असणाऱ्याला रोज सकाळी वाचायला मिळत होतं.

समोर काय उभं राहिलं ते आता बघू. नाझींनी सारमध्ये आपल्या पक्षाचं नाव पुढे केलं नाही. त्यांनी ‘जर्मन आघाडी’ उभी केली आणि सेंटरसकट सगळे बिगरसमाजवादी पक्ष तीत विरघळून गेले. फ्योल्क्लिंगेनचे पोलाद उद्योगपती हेरमान रोशलिंग तिच्या आघाडीवर होते. घरोघर सभासदत्वाचे अर्ज गेले, दारांवर पाट्या लागल्या, गल्लीगल्लीत कोण कोणाकडे जातो याच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. पाटी नसलेलं घर आपोआप उठून दिसायचं. रेडिओवरून रात्रंदिवस एकच सूर: घरी या. ‘निक्स वी हेम’, म्हणजे चला घरीच, ही घोषणा सारच्या बोलीत होती, बर्लिनच्या सरकारी भाषेत नव्हती. प्रचार म्हणून हे किती हुशारीचं होतं ते मान्य करायला हवं. माणसाला कोणी हिटलर हवा का असं विचारतच नव्हतं. घरी यायचं का, एवढंच विचारत होते.

आणि सोशल डेमोक्रॅट्स? त्यांना सोबत्यांची गरज होती, पण जवळचा मोठा सोबती म्हणजे कम्युनिस्ट पक्ष, आणि त्याने कित्येक वर्षं सोशल डेमोक्रॅट्सना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणून हिणवलं होतं. कम्युनिस्टांची घोषणा १९३४ च्या उन्हाळ्यापर्यंत ‘सोव्हिएत जर्मनीतलं लाल सार’ अशी होती. आता सोव्हिएत जर्मनी अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे या घोषणेला मतपत्रिकेवर जागाच नव्हती. १९३४ च्या जुलैत शेवटी दोन्ही पक्ष एकत्र आले. अख्ख्या जर्मन भूमीवर हिटलरविरुद्ध हे पहिल्यांदा घडत होतं. १९३२ मध्ये ही एकी झाली असती तर, हा प्रश्न माझ्यासकट अनेकांच्या मनात येतो. सारमध्ये ती झाली तेव्हा मतदानाला सहा महिने उरले होते.

२६ ऑगस्ट १९३४ ला दोन सभा झाल्या. कोब्लेन्झजवळच्या एहरेनब्राइटश्टाइनच्या किल्ल्यावर हिटलर बोलला. सारमधून माणसं विशेष गाड्यांनी नेली होती. त्याच दिवशी सारच्या झुल्त्सबाख या खाणगावात संयुक्त आघाडीची सभा झाली. तिथे माक्स ब्राउन आणि कम्युनिस्टांचे फ्रिट्झ फोर्ट एका व्यासपीठावर उभे राहिले. हजारो माणसं जमली होती, लाल झेंडे होते, आणि बऱ्याच जणांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जमू शकतं. या मोहिमेत काम केलेल्या कम्युनिस्टांमध्ये नॉयंकिर्शेनचा एक बावीस वर्षांचा पोरगाही होता, एरिख होनेकर. पुढे तो पूर्व जर्मनीचा सर्वेसर्वा झाला. त्याच मोहिमेत काम करणारे हेर्बर्ट व्हेनर युद्धानंतर पश्चिम जर्मनीत सोशल डेमोक्रॅट्सचे बडे नेते झाले.

पण खरी अडचण मतपत्रिकेत होती. तिच्यावर तीन पर्याय छापले होते: सध्याची शासनव्यवस्था कायम ठेवणे, फ्रान्सशी एकीकरण, जर्मनीशी एकीकरण. त्यापुढे फुली मारायला वर्तुळं. ब्राउन यांना जो प्रश्न लोकांपुढे ठेवायचा होता, म्हणजे हिटलरची जर्मनी की हिटलर जाईपर्यंत थांबणं, तो या कागदावर नव्हताच. त्यांना पहिल्या वर्तुळात फुली मागावी लागली, आणि त्या वर्तुळाचा अर्थ सारच्या सामान्य माणसासाठी काय होता? फ्रेंच मालकाची खाण. निवडून न दिलेलं मंडळ. १९२३ चा वटहुकूम.

त्यावर पक्षाने एक उपाय सुचवला: राष्ट्रसंघाने जाहीर करावं की आहे ती स्थिती कायमची नाही, त्यात लोकनियुक्त सरकार येईल आणि पुढे कधीतरी पुन्हा मतदान घेता येईल. हे वचन मिळालं असतं तर ‘आत्ता नको’ या भूमिकेला अर्थ आला असता. डिसेंबर १९३४ मध्ये फ्रेंच परराष्ट्रमंत्री पिएर लाव्हाल यांनी सांगितलं की दुसऱ्या मतदानाला फ्रान्सची हरकत नसेल. राष्ट्रसंघाने मात्र पक्की हमी दिली नाही. ब्रिटनला आणि फ्रान्सलाही हे सारचं लचांड लवकर मिटायला हवं होतं. ज्या संस्थेला मत द्या म्हणून पक्ष सांगत होता, ती संस्थाच ते मत घ्यायला उत्सुक नव्हती.

दुसरी अडचण चर्चची. १९३३ च्या जुलैत व्हॅटिकनने हिटलरच्या सरकारशी करार केला होता. सारच्या कॅथलिकांवर अधिकार असलेले ट्रिअर आणि श्पायर इथले दोन्ही बिशप जर्मनीच्या बाजूने होते. योहान्नेस हॉफमान नावाचे कॅथलिक पत्रकार विरोधात उभे राहिले, त्यांनी वेगळं वर्तमानपत्र काढलं, छोटी संघटनाही काढली. पण जिथे बिशप एक सांगतो आणि पत्रकार दुसरं, तिथे खाणकामगाराच्या घरात कोणाचं चालणार? हॉफमान यांचं धैर्य मला या सगळ्या कहाणीत फार मोठं वाटतं, कारण त्यांच्यामागे पक्षही नव्हता.

तिसरी अडचण भीतीची. मतदान गुप्त होतं आणि खरोखरच गुप्त राहिलं. ब्रिटिश, इटालियन, स्वीडिश आणि डच मिळून सुमारे ३,३०० सैनिक डिसेंबरात सारमध्ये आले होते. मतदानाच्या दिवशी फारसा दंगा झाला नाही. तरीही मतं नंतर कळतील, असं पसरवलं गेलं होतं. आणि खरा भीतीचा हिशेब मतपेटीपाशी नव्हताच. जर्मनी जिंकणार हे जवळपास सगळ्यांना दिसत होतं. मग ‘विरोधात काम करणारा’ म्हणून ओळखलं गेलेल्या माणसाचं १४ जानेवारीनंतर काय होणार?

मतदानाच्या आठवडाभर आधी, ६ जानेवारीला, संयुक्त आघाडीची सारब्रुकेनच्या कीझेलहुमेस मैदानावर शेवटची प्रचंड सभा झाली. मैदान बघून पुढाऱ्यांना जिंकण्याची नाही तरी चांगल्या लढतीची आशा वाटली होती. १५ जानेवारीला सकाळी निकाल जाहीर झाला. फ्रान्सला २,१२४ मतं. स्टेटस कोला ४६,६१३, म्हणजे नऊ टक्क्यांच्याही आत. १९३२ मध्ये एकट्या कम्युनिस्टांना आणि सोशल डेमोक्रॅट्सना मिळून साधारण एक-तृतीयांश मतं होती. याचा सरळ अर्थ असा की स्वतःच्या मतदारांपैकी बहुतेकांनीच पक्षाचं ऐकलं नाही. त्या मतदारांना मी नाझी म्हणणार नाही. जर्मनी म्हणजे हिटलर नव्हे, हिटलर येतो आणि जातो, जर्मनी राहते, असा त्यांचा हिशेब होता. हिटलर गेलाही, पण दहा वर्षांनी, आणि त्या दहा वर्षांचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

निकालानंतर हजारो माणसं सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेली. माक्स ब्राउन फोर्बाखला गेले. सारब्रुकेनहून दिसावं इतकं ते जवळ आहे. तिथे त्यांनी सारच्या निर्वासितांसाठी मदतकेंद्र चालवलं: कोणाला कागद हवे, कोणाला काम, कोणाला फक्त रात्रीपुरतं छप्पर. १ मार्च १९३५ ला सार जर्मनीत गेलं आणि हिटलर सारब्रुकेनला आला. पक्ष संपला. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. मतदानाआधी रोममध्ये झालेल्या करारानुसार जर्मनीने वर्षभर सारच्या रहिवाशांवर वंशावरून वा धर्मावरून अन्याय न करण्याची हमी दिली होती. त्या एका वर्षाच्या सवलतीत बऱ्याच ज्यू कुटुंबांना मालमत्तेसह बाहेर पडता आलं. उरलेल्या जर्मनीत बहुतेक ज्यूंना ही संधी नव्हती.

ब्राउन पुढे पॅरिसला गेले, १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर लंडनला. युद्ध संपलं आणि १९४५ च्या जुलैत, परत यायच्या आधीच, ते लंडनला वारले.

युद्धानंतर सार पुन्हा जर्मनीपासून वेगळं काढलं गेलं, यावेळी फ्रान्सच्या छायेत. मुख्यमंत्री झाले तेच योहान्नेस हॉफमान. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष पुन्हा उभा राहिला, त्याचं नेतृत्व करणारे रिचर्ड किर्न नाझी तुरुंगातून सुटून आलेले होते. २३ ऑक्टोबर १९५५ ला लोकांना पुन्हा विचारलं गेलं: युरोपच्या देखरेखीखालचा वेगळा प्रदेश म्हणून राहायचं का? हॉफमान आणि किर्न यांचे पक्ष ‘हो’ म्हणा सांगत होते. ६७.७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. यावेळी सीमेपलीकडे हिटलर नव्हता, निवडणुका घेणारं सरकार होतं. १९२० च्या दशकात ब्राउन आणि त्यांचे सहकारी नेमकी हीच मागणी करत होते: लोकशाही जर्मनीत परत जायचंय. पुढच्याच वर्षी किर्न यांचा पक्ष मुख्य सोशल डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला, आणि १ जानेवारी १९५७ ला सार जर्मन संघराज्याचं एक राज्य झालं.